जर-तरचा इतिहास आणि ‘असता’चे व्याकरण



मराठी क्रियापदाचे चार अर्थ तुम्हांला परिचित आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. यांपैकी संकेतार्थाकडे आपण परीक्षेपुरते पाहतो. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ हे एक उदाहरण पाठ केले की काम भागते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात आपल्या सार्वजनिक जीवनातील बहुतेक मोठे वाद या एका क्रियारूपाच्या आधाराने चालतात. जालन्याच्या बसस्थानकावर, बाजार समितीच्या आवारात किंवा चहाच्या टपरीवर अर्धा तास बसून कान उघडे ठेवा. ‘तेव्हा तो निर्णय झाला असता तर’, ‘आमचा तालुका तिकडे गेला नसता तर’, ‘रेल्वे आली असती तर’ अशी दहा वाक्ये सहज कानी पडतील. जालना–खामगाव रेल्वेमार्गाची चर्चा अनेक दशके चालू आहे आणि ती बव्हंशी याच रूपात चालू आहे.

राजकारणाचा आणि राज्यकारभाराचा असा ‘न घडलेला’ इतिहास भाषेत कसा मांडला जातो आणि त्याची पारख कशी करावी, हे या घटकात पाहायचे आहे. उदाहरणे मुद्दाम आपल्या जिल्ह्यातली घेतली आहेत. दूरच्या राजवाड्यांतल्या जर-तरपेक्षा घरच्या उंबऱ्यावरचे जर-तर अधिक कठीण असते, कारण तेथे आपल्याला उत्तर आधीच हवे असते.

रूपाची ओळख

प्रथम दोन वाक्ये शेजारी ठेवू. ‘पाऊस पडला तर पेरणी होईल.’ ‘पाऊस पडला असता तर पेरणी झाली असती.’ पहिल्या वाक्यात पाऊस पडेल की नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक नाही. दार उघडे आहे. दुसऱ्यात दार बंद झाले आहे. पाऊस पडला नाही, हे त्या वाक्यात कोठेही म्हटलेले नाही, तरी ते आपल्याला कळते. ही माहिती ‘असता’ आणि ‘असती’ या रूपांनी दिली आहे. वस्तुस्थिती नाकारणारे वाक्य नकाराचा एकही शब्द न वापरता तयार होते, हे या रूपाचे वैशिष्ट्य होय. जुन्या गद्यात ‘तो येता तर बरे होते’ अशी सुटसुटीत रचनाही आढळते. आज आपण ‘आला असता’ असे संयुक्त रूप पसंत करतो.

हे रूप लिंग, वचन आणि पुरुष यांप्रमाणे चालते : तो गेला असता, ती गेली असती, तू गेला असतास, मी गेलो असतो. येथे एक गंमत लक्षात घ्या. ‘तो तेथे असतो’ हा वर्तमानकाळ आणि ‘तो तेथे असता तर’ हा संकेतार्थ. दोन्ही वेगळे ओळखू येतात. पण नपुंसकलिंगी एकवचनात हा भेद पुसला जातो. ‘येथे कार्यालय असते’ म्हणजे नेहमी असते, आणि ‘येथे कार्यालय असते तर’ म्हणजे मुळात नाही. दोन्हींत क्रियापद तेच. फक्त ‘तर’ एवढ्या एका अव्ययावर अर्थाचा सारा भार येतो. पुल्लिंगी प्रथमपुरुषातही हेच होते : ‘मी तेथे असतो’ आणि ‘मी तेथे असतो तर’. घाईत बोलताना किंवा बातमीचे शीर्षक करताना हा ‘तर’ गळाला, की न घडलेली गोष्ट घडलेल्या गोष्टींच्या रांगेत जाऊन बसते.

तुमच्यापैकी जे शासकीय सेवेत आहेत त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. ‘पाहणी केली असता असे आढळून आले की…’ या वाक्यातील ‘असता’ संकेतार्थी नव्हे. ते अव्यय आहे. ते लिंग-वचनाने बदलत नाही आणि पाहणी खरोखर झाली आहे असे सांगते. ‘पाहणी केली असती तर असे आढळले असते’ यात मात्र पाहणी झालेलीच नाही. एका मात्रेने तलाठ्याचा पंचनामा आणि तक्रारदाराचे गाऱ्हाणे यांत फरक पडतो. उत्तरपत्रिका तपासताना ही चूक मला दरवर्षी दिसते. कचेरीतल्या टिपणांतही ती दिसते, पण तेथे गुण कापण्याचा अधिकार मला नाही.

असईचा उतार

जर-तरची वाक्ये केवळ हळहळीसाठी असतात, असा समज असेल तर भोकरदनजवळच्या असई गावाकडे चला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रज सेनापती होता आर्थर वेलस्ली. मराठ्यांचे सैन्य केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उभे होते. केळणा ओलांडल्याशिवाय वेलस्लीला त्यांच्या बगलेवर जाता येत नव्हते, आणि वाटाडे म्हणत होते की पुढे नदीला उतार नाही.

वेलस्लीने पुढे जाऊन पाहिले. नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावे अगदी समोरासमोर वसलेली त्याला दिसली. त्याने जे अनुमान केले ते मराठीत मांडायचे तर असे होईल : येथे उतार नसता तर ही दोन गावे अशी समोरासमोर वसली नसती. गावे तर वसली आहेत. म्हणजे उतार असलाच पाहिजे. शोध घेतला तेव्हा उतार सापडला, फौज पार झाली आणि संख्येने मोठ्या असलेल्या मराठी फौजेचा पराभव झाला. त्या दिवशी वेलस्लीच्या अंगाखालचे दोन घोडे गेले आणि त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार किंवा जखमी झाले.

मित्रहो, हे संकेतार्थी वाक्य आहे, आणि ते हळहळीचे नाही. ते पुराव्याला जोडलेले आहे. ‘नसता’ आणि ‘नसती’ या दोन रूपांच्या मदतीने त्याने न दिसणारी वस्तुस्थिती शोधून काढली. जर-तरची भाषा अशी कामाची असू शकते.

याच लढाईवर दुसऱ्या प्रकारचे जर-तरही रचता येते. वेलस्ली त्या दिवशी घोड्यासह पडला असता तर पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला नसता. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनसमोर तो उभा राहिला नसता. येथपर्यंत वाक्य ठाम आहे, कारण मेलेला मनुष्य वॉटर्लूला जात नाही. पण ‘मग नेपोलियन जिंकला असता’ असे पुढचे पाऊल टाकले की पायाखालची जमीन मऊ लागते. ब्ल्यूखरची प्रशियन फौज, आदल्या रात्रीचा पाऊस, इंग्रजांकडचा दुसरा एखादा सेनापती, असे कितीतरी घटक मध्ये येतात. आणि ‘मग भारतात इंग्रजांचे राज्य टिकले नसते’ असे तिसरे पाऊल टाकणारा थेट केळणेच्या पुरात सापडतो. प्रत्येक ‘तर’ मागच्या ‘तर’वर उभा असतो. पायऱ्या जितक्या वाढतात तितकी वाक्याची खात्री कमी होत जाते. आवाज मात्र बहुधा वाढत जातो.

कथाकाराची सवलत

जगभर या प्रकारच्या लेखनाची जुनी परंपरा आहे. अलेक्झांडर पश्चिमेकडे वळला असता तर रोमने काय केले असते, याचा विचार रोमन इतिहासकार लिव्ही याने केला होता. १९३१ साली इंग्रजीत अशा निबंधांचा एक संग्रह निघाला. त्यात विन्स्टन चर्चिल यांचाही लेख आहे. ई. एच. कार यांच्यासारख्या इतिहासकाराने या उद्योगाला दिवाणखान्यातला खेळ मानले. उलट नील फर्ग्युसन यांनी १९९७ साली संपादित केलेल्या ग्रंथात एक अट घातली : त्या काळातील माणसांनी ज्या पर्यायांचा खरोखर विचार केला होता आणि ज्यांचा लेखी पुरावा आहे, तेवढेच पर्याय तपासावेत. ही अट मला पटते. पुढे आपण तीच वापरणार आहोत.

मराठी वाचकाला या संदर्भात जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवेल. १७६१ च्या पानिपतात विश्वासरावाला गोळी लागत नाही, एवढा एकच बदल लेखकाने केला आहे. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगातल्या मुंबईत जाऊन पोचतात. त्या भारतात पेशवाईतून हळूहळू लोकनियुक्त कारभार आलेला आहे. कथा जरूर वाचा, आणि वाचताना क्रियापदांकडे पाहा. ती साध्या भूतकाळात चालते. गंगाधरपंत गेले असते, त्यांनी पाहिले असते, अशी रचना तेथे नाही. ते गेले, त्यांनी पाहिले. आरंभीचा ‘जर’ आपण मनात धरतो आणि लेखक ‘असते’ गाळतो. ही कथाकाराची सवलत आहे आणि ती वाचकाला माहीत असते.

वक्त्याने हीच सवलत घेतली तर? ‘हा कालवा वेळेवर झाला असता तर आमची शेते भिजली असती’ हे संकेतार्थी विधान आहे. तेच ‘आमचे पाणी हिरावले’ असे झाले की ‘असती’ गळते. ‘हिरावणे’ या क्रियापदात, ती वस्तू आधी आपल्या हातात होती, असे गृहीत धरलेले असते. कधी ते खरे असते. कधी हातात आलेलीच नव्हती, फक्त येणार होती. दोन्ही प्रकारचे अन्याय असू शकतात, पण त्यांचे पुरावे वेगवेगळे द्यावे लागतात.

१९५५ : टेबलावरचे नकाशे

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि हैदराबाद संस्थान भारतात आले. त्याआधी दोनच दिवस भारतीय फौजेने जालना ताब्यात घेतले होते. त्या वेळी जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते, आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे तेलुगू आणि कन्नड भाषक जिल्ह्यांसह एकाच हैदराबाद राज्यात होते. शिक्षण आणि कचेरी यांवर उर्दूचा ठसा होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मागच्या पिढ्यांच्या बोलण्यात ‘हाली’ म्हणजे निजामाचा रुपया आणि ‘कलदार’ म्हणजे इंग्रजी रुपया, हा भेद होता. जकातीला ‘करोडगिरी’ म्हणत. पश्चिम महाराष्ट्रातला माणूस ‘मामलेदार कचेरी’ म्हणे तेथे आपण ‘तहसील’ म्हणत आलो. शब्द हे असे मागे राहिलेले दस्तऐवज असतात.

डिसेंबर १९५३ मध्ये केंद्र सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. फाजल अली अध्यक्ष, हृदयनाथ कुंझरू आणि का. मा. पणिक्कर सदस्य. सप्टेंबर १९५५ मध्ये आयोगाने अहवाल दिला. हैदराबाद राज्य टिकवावे, हा पर्यायही आयोगापुढे होता. तो नाकारून आयोगाने त्या राज्याच्या विभाजनाची शिफारस केली. मराठवाडा गुजराती-मराठी अशा द्वैभाषिक मुंबई राज्यात जावा आणि विदर्भाचे स्वतंत्र राज्य व्हावे, असे आयोगाचे म्हणणे होते. तेलंगणाला तूर्त वेगळे ठेवण्याची शिफारस होती. यांतले काहीच जसेच्या तसे झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भासह सारा प्रदेश मोठ्या द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

आयोगाचा नकाशा प्रत्यक्षात आला असता तर? एक पाऊल टाकू. विदर्भ वेगळा झाला असता, म्हणजे बुलढाणा जिल्हा वेगळ्या राज्यात गेला असता. जालन्याहून देऊळगाव राजा किंवा सिंदखेड राजाला जाणारा मनुष्य आज सहज जिल्ह्याची हद्द ओलांडतो. त्याला राज्याची हद्द ओलांडावी लागली असती. ही कल्पना विचित्र वाटत असेल तर हे ध्यानात घ्या की १९५६ पूर्वी तेथे खरोखरच राज्याची हद्द होती. एका बाजूला निजामाचे हैदराबाद आणि दुसऱ्या बाजूला वऱ्हाड. म्हणजे आयोगाचा पर्याय हा काही नवा चमत्कार नव्हता. जुनी रेघ तशीच राहिली असती, इतकेच.

दुसरा नकाशा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ ही छोटी इंग्रजी पुस्तिका लिहिली. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती वाचायलाच हवी, कारण तिच्यातला मूळ मुद्दा भाषा आणि राज्य यांच्या नात्याचा आहे. एका राज्यात एकच भाषा असावी, हे बाबासाहेबांना मान्य होते. पण एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे, हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही, असे ते म्हणतात. वरवर सारखी दिसणारी ही दोन विधाने तर्कदृष्ट्या कशी वेगळी आहेत, हे त्यांनी फार नेमके दाखवले आहे. मराठी प्रदेशाचे त्यांनी चार भाग सुचवले : मुंबई हे नगरराज्य, आणि पश्चिम, मध्य व पूर्व महाराष्ट्र. मराठवाड्याचे पाच जिल्हे मध्य महाराष्ट्रात होते, आणि त्यांच्यासोबत नाशिक, खानदेश, अहमदनगर व सोलापूरकडचा मराठी प्रदेश. निजामी राजवटीत मराठवाडा सिंचनात आणि शिक्षणात मागे ठेवला गेला, मोठ्या राज्यात त्याच्याकडे कोण पाहणार, ही त्यांची चिंता होती. ती केवळ कागदावरची नव्हती; औरंगाबादला १९५० सालीच त्यांनी महाविद्यालय सुरू केले होते.

हा पर्याय तपासण्याजोगा आहे, कारण तो त्या काळी, लेखी, आणि घटनेच्या शिल्पकाराने मांडलेला आहे. मध्य महाराष्ट्र राज्य झाले असते तर जालन्याचे काय झाले असते?

राज्य लहान असते, म्हणून विधिमंडळात मराठवाड्याच्या आमदारांचे प्रमाण आजच्यापेक्षा मोठे असते. हे जवळजवळ गणित आहे. येथे ‘असते’ निःशंकपणे लिहावे. गोदावरीच्या पाण्याचे काय? वरच्या अंगाला नाशिक आणि नगर, खालच्या अंगाला पैठणचे जायकवाडी, आणि जायकवाडीचा डावा कालवा आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर भागातून पुढे परभणीकडे जातो. बाबासाहेबांच्या नकाशात नाशिक आणि नगर मराठवाड्याच्याच राज्यात होते. म्हणजे वरचे आणि खालचे असा पाण्याचा तंटा संपला नसता. तो त्याच विधिमंडळात आला असता, मात्र तेथे खालच्या अंगाचे संख्याबळ अधिक असते. जायकवाडी झालेच असते का? येथे मी ‘असते’ लिहिताना हात आखडता घेतो. त्या धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण झाले. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला पैसा लागतो, आणि बाबासाहेबांच्या योजनेत मुंबई वेगळी होती. मुंबईच्या करांचा पैसा मध्य महाराष्ट्राच्या तिजोरीत आपोआप आला नसता. म्हणजे ज्या एका बदलाने आपला आवाज मोठा झाला असता, त्याच बदलाने आपली थैली लहान झाली असती. जो वक्ता यांतला पहिला भाग सांगतो आणि दुसरा गाळतो, त्याने अर्धेच वाक्य उच्चारलेले असते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, बाबासाहेबांच्या चिंतेला पुढील इतिहासाने बरेचसे खरे ठरवले. त्यांच्या उपायाबद्दल मात्र मी खात्रीने काही म्हणू शकत नाही. उत्तर भारतातील मोठ्या राज्यांच्या विभाजनाबद्दल त्यांनी त्याच पुस्तिकेत जे सुचवले, त्यापैकी बिहार आणि मध्य प्रदेश यांचे विभाजन २००० साली झाले. पंचेचाळीस वर्षे जे ‘झाले असते’ या रूपात होते, ते ‘झाले’ या रूपात आले.

उदगीर आणि भालकी

काही वेळा कल्पना करण्याची गरजच पडत नाही. इतिहासाने प्रयोग करून ठेवलेला असतो. १९५६ पूर्वी उदगीर आणि भालकी ही दोन्ही ठिकाणे हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होती. दोन्हीकडे मराठी बोलणारी माणसे होती. पुनर्रचनेत अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले. भालकी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. नांदेड जिल्ह्यातले मुधोळ, भैंसा हे भाग आंध्र प्रदेशात गेले; उलट आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा इकडे आले. सीमा तालुक्यांची नव्हे, कोठे कोठे महसुली मंडळांची वाटणी करून आखली गेली.

‘राज्य बदलले असते तर आमच्या भाषेचे काय झाले असते?’ या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर भालकीच्या बाजारात उभे राहून मिळते. तेथे घरात मराठी आहे, कचेरीत कन्नड आहे, मुलांच्या शाळेचे माध्यम हा कुटुंबाने करायचा निर्णय आहे. उदगीरच्या कुटुंबाला हा निर्णय त्याच स्वरूपात करावा लागला नाही. तुलना करताना दोन्ही ठिकाणे सुरुवातीला शक्य तितकी सारखी असावीत, एवढी काळजी घ्यावी लागते. मुंबई आणि भालकी यांची तुलना करून काही सिद्ध होत नाही.

अनुशेष : एक संकेतार्थी आकडा

मराठवाड्यात राहणाऱ्याला ‘अनुशेष’ हा शब्द नवा नाही. १९५३ च्या नागपूर करारात मागास विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे आश्वासन होते. पुढे घटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विकास मंडळांची तरतूद झाली. मराठवाड्याचे मंडळ प्रत्यक्षात १९९४ साली आले. दरम्यान १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिने राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये असल्याचे सांगितले. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे २४ टक्के होता.

हा आकडा कसा काढतात, ते भाषेच्या अंगाने पाहा. राज्याची सरासरी घ्यायची, तुमच्या भागात रस्ते, सिंचन, वीज, शाळा किती हे मोजायचे, आणि सरासरीपर्यंत येण्यास किती खर्च लागेल ते काढायचे. म्हणजे ‘हा भाग राज्याच्या सरासरीइतका असता तर येथे जे असते, त्यातून आज जे आहे ते वजा’. अनुशेष हे रुपयांत लिहिलेले संकेतार्थी वाक्य आहे! आणि प्रत्येक संकेतार्थी वाक्याप्रमाणे त्याचे उत्तर ‘जर’ कोणता धरला यावर ठरते. सरासरीऐवजी सर्वांत पुढारलेल्या भागाची पातळी धरली असती तर आकडा फुगला असता. मागासातले मागास जिल्हे धरले असते तर तो आटला असता. म्हणून अनुशेषाचा आकडा ऐकताना तो किती आहे, याआधी तो कशाच्या तुलनेत आहे, हे विचारण्याची सवय ठेवा.

अलीकडचे आणि आपल्या अंगणातले एक उदाहरण टाळणे योग्य होणार नाही. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले आणि निजामकालीन नोंदींचा प्रश्न राज्यभर गाजला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारावर शासन निर्णय काढला. या वादात एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘आमचा भाग तेव्हा वऱ्हाडात असता तर आमचीही नोंद कुणबी अशीच झाली असती.’ तुमचे या प्रश्नावर मत असणार. आपल्या वर्गात दोन्ही बाजूंचे विद्यार्थी असतात आणि दोघांचेही घर या प्रश्नात गुंतलेले असते. अभ्यासक म्हणून येथे काम एवढेच आहे की वाक्याचे दोन भाग सुटे करावेत. गॅझेटिअरमध्ये काय छापले आहे हा दस्तऐवजाचा भाग आहे. तो उघडून पाहता येतो. अमुक कुटुंबाची नोंद कशी झाली असती हा अनुमानाचा भाग आहे. आणि नोंद सापडली तरी तिचे आज कोणते फळ मिळावे, हा तिसराच, कायद्याचा आणि धोरणाचा प्रश्न. तो ‘असता’ने सुटत नाही. तिन्ही एका दमात उच्चारले जातात म्हणून ते एक भासतात.

स्वाध्याय

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफ्राबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यातून आले. परतूर परभणी जिल्ह्यातून आला. बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके नंतरचे. संपर्कसत्रात परतूरकडच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, परतूर परभणीतच राहिले असते तर काय फरक पडला असता?” मी उत्तर देण्याआधी शेजारी बसलेल्या गृहस्थांनी, जे वयाने माझ्याहूनही थोडे मोठे होते, सांगितले की जिल्हा कचेरीच्या एका खेपेचा दिवस वाचतो की जातो, एवढा फरक त्यांना नक्की ठाऊक आहे, बाकीचे त्यांना सांगता येणार नाही. मी फळ्यावर दुसरे काहीही लिहिले नाही.

तुमच्या तालुक्यातील वडीलधाऱ्या व्यक्तींशी बोला आणि जिल्हा, रस्ता, धरण, शाळा किंवा रेल्वे यांविषयीची पाच संकेतार्थी वाक्ये त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. बोलीतील रूपे प्रमाण भाषेत सुधारू नका; ‘असतं’ म्हटले असेल तर ‘असतं’च लिहा. प्रत्येक वाक्याखाली तीन गोष्टी नोंदवा : तो पर्याय त्या काळी खरोखर कोणी मांडला होता का आणि त्याचा कागद कोठे मिळेल, वाक्यात ‘तर’ची किती पावले टाकली आहेत, आणि बोलता बोलता ‘असते’ कोणत्या ठिकाणी गळून ‘होते’ झाले. वही संपर्कसत्राला सोबत आणा.